‘हार्ट फेल’ या शब्दाच्या पुढचे अंक

(पुण्यात मेडिकल कोडिंग, म्हणजे रुग्णांच्या फायलींतल्या निदानांना ठरावीक कोड देण्याचं काम, शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आपल्याकडे ‘अमक्याचं हार्ट फेल झालं’ असं कळलं की पुढचा प्रश्न ‘कधी नेणार आहेत?’ हाच असतो. घराघरांत हा शब्द मृत्यूसाठीच वापरतात. तुम्ही बीएचएमएस, बी. फार्म., नर्सिंग करून आला आहात, तरी तो अर्थ तुमच्याही मनात कुठेतरी बसलेला असणार. आज आधी तो काढून टाका. ज्याच्या चार्टवर हार्ट फेल्युअर लिहिलंय, तो माणूस जिवंत आहे. दुसऱ्या मजल्यावर पोचताना त्याला धाप लागते, संध्याकाळी घोटे सुजतात, रात्री तीन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही. औषधांवर तो कित्येक वर्षं काढू शकतो. उलट आपल्याकडे मृत्यूच्या कारणाचा जो वैद्यकीय दाखला भरतात, त्यावर सूचनाच छापलेली असते की हार्ट फेल्युअरसारखी मरणाची रीत लिहू नका, ज्या आजारामुळे मरण आलं तो लिहा.

आता रंगपंचमीची पिचकारी डोळ्यांपुढे आणा. ती दोन तऱ्हांनी बिघडते. एकीत पाणी भरपूर भरलंय, पण दट्ट्या ढकलायला जोर पुरत नाही; धार पडते ती जेमतेम. हे सिस्टॉलिक. दुसरीत दट्ट्या मागेच येत नाही, त्यामुळे पाणी पुरेसं भरतच नाही. जेवढं भरलं तेवढं मात्र व्यवस्थित उडतं. हे डायस्टॉलिक. ईएफ (इजेक्शन फ्रॅक्शन) म्हणजे भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर फेकलं गेलं त्याचं माप. १०० मिली भरलं, ६० गेलं, ईएफ ६०. ताठरलेल्या हृदयात ७० मिलीच भरलं आणि ४२ गेलं, तरी ईएफ ६०च! आकडा चांगला आणि माणूस धापा टाकतोय. हे गणित मला पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी घरी जाऊन आईला पाण्याच्या पेल्याने करून दाखवलं होतं.

ईएफ ४० किंवा त्याखाली असेल तर डॉक्टर ‘हेफ-रेफ’ (ईएफ घटलेलं हार्ट फेल्युअर) लिहितात, ५० किंवा वर असेल तर ‘हेफ-पेफ’ (ईएफ टिकून असलेलं). अमेरिकेत ‘कोडिंग क्लिनिक’ने, म्हणजे कोडिंगबद्दल अधिकृत सल्ला देणाऱ्या नियतकालिकाने, २०१६मध्ये सांगितलं की पहिल्याला सिस्टॉलिक आणि दुसऱ्याला डायस्टॉलिक धरून कोड द्यायला हरकत नाही. त्याआधी या शब्दांवर कोडर अडून बसायचे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१०मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीत, आय५० या हार्ट फेल्युअरच्या कोडाखाली तीनच खाने आहेत: कंजेस्टिव्ह (अंगात पाणी साठणारं), डाव्या जवनिकेचं (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याचं), आणि प्रकार न सांगितलेलं. आपण हिंजवडी-खराडीत बसून ज्या अमेरिकन फायली बघतो, त्यांना १ ऑक्टोबर २०१५पासून लागू झालेली त्यांची लांबवलेली आवृत्ती लागते. तिथे आय५०.२ सिस्टॉलिक, आय५०.३ डायस्टॉलिक, आय५०.४ दोन्ही एकत्र. शेवटचा अंक वेळ सांगतो: १ अॅक्यूट (अचानक आलेलं), २ क्रॉनिक (जुनाट), ३ म्हणजे जुन्या दुखण्याने नव्याने उचल खाल्लेली, आणि ० म्हणजे डॉक्टरांनी सांगितलंच नाही. उजव्या बाजूच्या फेल्युअरला स्वतंत्र कोड ऑक्टोबर २०१७मध्ये मिळाले.

रक्तदाबाचं एक विसरू नका. रुग्णाला हायपरटेन्शन आणि हार्ट फेल्युअर दोन्ही असतील, तर डॉक्टरांनी ‘संबंध नाही’ असं स्पष्ट लिहिल्याखेरीज संबंध आहेच असं धरायचं. आधी आय११.० (रक्तदाबामुळे झालेला हृदयविकार, हार्ट फेल्युअरसह), मग आय५०मधला कोड. जोडीला किडनीचा जुनाट आजार असला तर आय१३मध्ये जायचं.

माझ्या पहिल्या वर्षातली एक चूक सांगते. डिस्चार्ज समरीत नुसतं ‘सीएचएफ’ (कंजेस्टिव्ह हार्ट फेल्युअर) होतं. इकोत ईएफ २५. मी स्वतःच सिस्टॉलिक ठरवलं, शिरेतून लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) दिलेलं दिसलं म्हणून अॅक्यूटही ठरवलं, आणि आय५०.२१ देऊन मोकळी झाले. ऑडिटरने फाईल परत पाठवली. माझं वैद्यकीय अनुमान बरोबर असेलही, पण ते काढायचा अधिकार माझा नव्हता. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलेलं नाही, तोवर तो आय५०.९च. आणि हा पैशांचाही प्रश्न आहे, कारण तिथे रुग्णालयाचं बिल या कोडांवरून ठरतं. दुय्यम निदान म्हणून अॅक्यूट सिस्टॉलिक मोठ्या गुंतागुंतीत मोजलं जातं, क्रॉनिक त्याखालच्या पायरीवर. माझ्या एका अंकाने बिल फुगलं असतं.

मग करायचं काय? क्वेरी. डॉक्टरांपुढे इको, एक्स-रे, औषधं मांडायची आणि विचारायचं, ‘प्रकार कोणता, अॅक्यूट की क्रॉनिक?’ उत्तराच्या पर्यायांत ‘अन्य’ आणि ‘सांगता येत नाही’ हेही हवेत. ‘अॅक्यूट सिस्टॉलिक आहे ना?’ असं विचारलंत, तर उत्तर तुम्हीच तोंडात घातलंत.

तसंच ‘डिसफंक्शन’ म्हणजे फेल्युअर नव्हे. साठीच्या पुढच्या कित्येकांच्या इको रिपोर्टवर ‘ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन’ असतं. शेजारच्या काकू तो कागद घेऊन रडवेल्या होऊन माझ्याकडे आल्या होत्या. डॉक्टरांनी हार्ट फेल्युअर म्हटलेलं नसेल, तर नुसत्या त्या शब्दावर आय५०चा कोड लागत नाही. त्यांना मी तेवढंच सांगितलं आणि त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बाबांना रात्री धाप लागली. सदाशिव पेठेतून रिक्षाने नेलं, इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी जुनं कार्ड मागितलं. त्यावर आधीच्या रुग्णालयाने लिहिलेलं होतं, ‘सीसीएफ’, म्हणजे कंजेस्टिव्ह कार्डिअॅक फेल्युअर. बस्स. कोणत्या प्रकारचं, कधीपासून, ईएफ किती, काही नाही. मी दिवसभर परक्या देशातल्या माणसांच्या फायलींवर क्वेऱ्या पाठवत होते, आणि बाबांच्या कार्डाकडे कधी त्या नजरेने पाहिलंच नव्हतं. ते घरी आल्यावर पुढच्याच तपासणीला मी डॉक्टरांपुढे कार्ड आणि इको ठेवलं आणि विचारलं, ‘डॉक्टर, प्रकार कोणता?’ त्यांनी पेन काढलं आणि ‘सीसीएफ’च्या खाली लिहिलं: क्रॉनिक, हेफ-रेफ, ईएफ ३०, आणि तारीख. ते कार्ड आता प्लास्टिकच्या पाकिटात बाबांच्या बंडीच्या आतल्या खिशात असतं.