बुधवारची बैठक

[दृश्य: बाहेर पाऊस. शाळेच्या वर्गाचा उघडा दरवाजा. दाराशी ओल्या छत्र्या, चिखलाच्या चपला.]

जून महिन्यातला दुसरा बुधवार. संध्याकाळचे साडेसात वाजलेत. ठाण्यातल्या एका शाळेचा तळमजल्यावरचा वर्ग. सकाळी इथे चौथीची मुलं बसतात. आत्ता त्याच बाकांवर बँकेत काम करणारा एक जण बसलाय, शेजारी दोन कॉलेजातल्या मुली, एक रिक्षाचालक, एक निवृत्त शिक्षिका. फळ्यावर सकाळचं गणित पुसून कोणीतरी मोठ्या अक्षरात लिहिलंय: जून ते मे.

ही आमची गिरिभ्रमण आणि गिर्यारोहण संस्था. भिंतीला टेकलेलं ते लोखंडी कपाट हीच आमची मालमत्ता. दोर, कंबरेला बांधायचे हार्नेस, दोर अडकवायच्या कॅराबिनर कड्या, हेल्मेट, दोन मोठी पातेली आणि ट्रेकच्या नोंदींच्या वह्या. दर बुधवारी हे कपाट उघडतं. पावसानं लोकल बंद पडल्या तरी जे पोहोचतात ते बसतात.

आजची बैठक वर्षातली सगळ्यात महत्त्वाची. पुढच्या बारा महिन्यांत कुठे जायचं, कोण नेणार आणि कुठे जायचं नाही, हे आज ठरतं.

[दृश्य: फळा. खडू धरलेला हात. “जुलै” या शब्दासमोर मोकळी जागा.]

हजेरी झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “नवीन कोण कोण आलंय?” आज सात हात वर झाले. त्यातल्या एकीनं लगेच विचारलं, “काका, धबधब्याचा ट्रेक कधी आहे?”

काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने सभासद. वय एकाहत्तर. त्यांनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की धबधबे दिसतील, वाटेवर भरपूर दिसतील, पण त्यात उतरायचं नाही. वर घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस खाली ओढ्यात यायला वेळ लागतो. आपण उभे असतो तिथे ऊन पडलेलं असतं आणि पाठीमागून गढूळ लोंढा येतो. लोणावळा असो, माळशेज असो, दर पावसाळ्यात अशी माणसं वाहून जातात. प्रशासन बंदीचे आदेश काढतं, तरी लोक पाण्यात उतरतात.

म्हणून आमचा जुलै कोथळीगडाचा. कर्जतहून आंबिवली, तिथून पेठ गावापर्यंत रुंद, मळलेली वाट. नवख्या माणसानं पावसात पहिल्यांदा चालायला याहून चांगला किल्ला आम्हांला माहीत नाही. वर गेलं की सुळक्याच्या पोटातून कोरून काढलेल्या पायऱ्या आहेत. बाहेर धो धो पाऊस आणि आपण दगडाच्या आतून चढतोय. पायऱ्यांवरून पाणी वाहत असतं, हात भिंतीला लागतो, तेव्हा छिन्नीच्या खुणा बोटांना जाणवतात.

ऑगस्टमध्ये भीमाशंकर, खांडसहून गणेश घाटानं. शिडी घाट जवळचा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पावसात तिथला कातळ बुळबुळीत होतो, शिड्यांखाली दरी असते. दर वर्षी कोणीतरी हा प्रश्न काढतं आणि दर वर्षी उत्तर नाही असंच असतं. आजही तेच झालं. दोन मिनिटांत विषय संपला.

[दृश्य: इर्शाळगड, दुरून, ढगांत. आवाज नाही.]

जुलैच्या यादीत पूर्वी इर्शाळगड असायचा. 2023 च्या 19 जुलैच्या रात्री त्याच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. या वाडीत आम्ही पोहे खाल्लेत, कपडे वाळवलेत, पडवीत झोपलोय. वाडीला गाडीरस्ता नव्हता, यंत्रं वर नेता येत नव्हती. मदतीला जाणारा प्रत्येक माणूस अंधारात, चिखलातून चढून गेला. त्यात डोंगरात फिरणाऱ्या संस्थांची मुलंही होती. वाट पायाखालची होती म्हणून ती पोहोचू शकली. शोध थांबवला तेव्हा कितीतरी माणसं मातीखालीच राहिली होती.

या घटनेनंतर आमच्या नोंदवहीत एक रकाना वाढला: पायथ्याच्या गावात किती घरं आहेत, फोन कोणाकडे आहे, रस्ता कुठवर येतो. ट्रेकहून परतल्यावर लीडरनं तो भरायचा असतो.

[दृश्य: पुन्हा वर्ग. कपाट उघडतं. दोर जमिनीवर सोडला जातो.]

बैठक चालू असतानाच एका कोपऱ्यात दोघं जण दोर तपासत बसलेत. दोराचं एक टोक एकाच्या मांडीवर. तो डोळे मिटून दोर चिमटीतून सरकवतोय, वीतभर, वीतभर. डोळे मिटलेले, कारण या कामात डोळ्यांपेक्षा बोटं जास्त खरं सांगतात. या दोराला बाहेरून विणलेलं वेष्टण असतं आणि आत गाभा. भार गाभा पेलतो. वेष्टण चांगलं दिसत असलं तरी आतला गाभा कुठे दबला, तुटला, तर तिथे दोर मऊ लागतो, चपटा होतो किंवा नको तितका सहज दुमडतो.

तो थांबला. मागे गेला. पुन्हा पुढे आला. तेवढाच चार बोटांचा भाग त्यानं दुसऱ्याच्या हातात दिला. दुसऱ्यानंही डोळे मिटले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कोणी काही बोललं नाही. लाल चिकटपट्टी आली, त्या जागेवर गुंडाळली गेली, आणि हा दोर आजपासून चढाईतून बाद. वहीत तारीख पडली. आता तो तंबूला, सामान बांधायला वापरला जाईल. त्याच्यावर माणूस लटकणार नाही.

नवीन आलेल्या मुलांपैकी एकाचा पाय चुकून दोरावर पडला. काकांनी फक्त त्याच्या पायाकडे बघितलं. मुलानं पाय उचलला, वाकून दोराला हात लावला आणि कपाळाला लावला. पुस्तकाला पाय लागला की करतो तसं. दोरावर पाय पडला की बारीक खडे वेष्टणातून आत शिरतात आणि आतून कापत राहतात, हे त्याला नंतर समजावलं. नमस्कार त्यानं आपणहून केला होता.

[दृश्य: फळ्यावर सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर.]

पाऊस ओसरला की खरा हंगाम. सप्टेंबरअखेर रतनगड. रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर, शिड्या आणि माथ्यावरचं नेढं. नेढं म्हणजे डोंगराला आरपार पडलेलं भोक. तिथे बसलं की वारा कानात बोलतो. सोनकी आणि तेरड्याच्या फुलांनी तेव्हा पठारं भरलेली असतात.

ऑक्टोबरचे रविवार मुंब्र्याच्या कातळावर. तिथे प्रस्तरारोहणाचा सराव. गाठी, बिले म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणं, रॅपलिंग म्हणजे दोरावरून खाली उतरणं. गाठ न बघता मारता आली पाहिजे, हातमोजे घालून मारता आली पाहिजे. ज्याला येत नाही, त्याचं नाव हिवाळ्यातल्या कठीण ट्रेकला लागत नाही. हा नियम कार्यकारिणीलाही आहे.

नोव्हेंबरात, दिवाळीच्या गर्दीनंतर, साल्हेर. बागलाणातला हा किल्ला 1567 मीटर उंच, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. 1672 मध्ये याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात साल्हेर आहे. राजगड, रायगडला लोक जातातच. इतक्या लांब साल्हेरला कोण जाणार, असा प्रश्न आजच्या बैठकीत आला. शिक्षिकाबाई म्हणाल्या, “म्हणूनच आपण जायचं.” रात्रभराचा प्रवास आहे, खर्च जास्त आहे. तरीही मतं पडली ती साल्हेरच्याच बाजूनं.

डिसेंबरात अलंग, मदन आणि कुलंग. तीन किल्ले, तीन दिवस. 1818 नंतर इंग्रजांनी इथल्या कातळातल्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. म्हणून आज मदनवर दोराशिवाय जाता येत नाही. तुटलेल्या पायऱ्यांच्या खाली उभं राहिलं की वर उरलेल्या पायऱ्या दिसतात आणि मधली जागा मोकळी. फेब्रुवारीत जीवधन किल्ल्याजवळचा वानरलिंगी सुळका, सुमारे साडेतीनशे फुटांचा. तिथे सहाच जण जातील, बाकीचे नाणेघाटात थांबतील. आणि या दोन्हींच्या मध्ये, जानेवारीत, नळीची वाट.

हे नाव फळ्यावर लिहिलं गेलं तेव्हा वर्गातली कुजबुज थांबली.

[दृश्य: कोकणकडा, खालून, बेलपाड्याच्या शेतातून. हळूहळू वर सरकणारा कॅमेरा.]

हरिश्चंद्रगडावर पाचनईहून जाता येतं, खिरेश्वरहून तोलार खिंडीतून जाता येतं. नळीची वाट मात्र कोकणातून, बेलपाड्याहून निघते आणि गडाच्या कोकणकड्याच्या कुशीतल्या घळीतून, म्हणजे नाळेतून, सरळ वर चढते. उजाडायच्या आत निघायचं. आधी जंगल, मग ओढ्यातले घराएवढे धोंडे, मग घसारा, म्हणजे सुट्या दगडमातीचा उतार, मग कातळाचे टप्पे. सगळ्यात मोठी भीती सुटलेल्या दगडाची. वरच्याच्या पायाखालून निसटलेला दगड नाळेत दुसरीकडे जाणार कुठे? तो खालच्याच्या दिशेनंच येतो. म्हणून अंतर राखायचं, एकाखाली एक थांबायचं नाही, दगड सुटला की पोटातून ओरडायचं, “दगड!”

आणि वर पोहोचलं की तो कडा. आत वळलेला, अर्धगोल, वाटीसारखा. पालथं पडून काठावरून डोकं बाहेर काढलं तर सकाळी आपण जिथून निघालो ती शेतं थेट खाली दिसतात.

या ट्रेकचं नेतृत्व कोणी करायचं यावर पाऊण तास चर्चा झाली. नाव पुढे आलं ते रिक्षा चालवणाऱ्या आमच्या दादाचं. त्यानं ही वाट तीनदा केलीय, एकदा माणसं अर्ध्यातून परत आणलीत. त्या अर्ध्यातून परत आणण्यामुळेच त्याच्या नावावर एकमत झालं. त्या वेळी बारा जण वैतागले होते. एकाच्या गुडघ्यात कळ होती, दुपारचे दोन वाजले होते, दादा म्हणाला, “मागे फिरायचं.” फिरले.

[दृश्य: निवेदकाचा आवाज, पडद्यावर कोरडं पडलेलं टाकं.]

इथे मला माझी एक चूक सांगायलाच हवी. काही वर्षांपूर्वी मार्चमधला एक ट्रेक मी नेला होता. सतरा माणसं. पायलट ट्रेक, म्हणजे आधी जाऊन वाट पाहून येणं, केला नाही, कारण वेळ नव्हता. पुस्तकात पाण्याचं टाकं होतं, इंटरनेटवर त्याचा काठोकाठ भरलेला फोटो होता. वर पोहोचलो तर तळाला हिरवा चिखल. फोटो ऑक्टोबरचा होता. सतरा जणांत मिळून नऊ लिटर पाणी उरलं होतं आणि सूर्य मावळत होता. एका गुराखी पोरानं आम्हांला सोंडेवरून अर्धा तास खाली नेऊन कपारीतला झरा दाखवला. करवंटीनं एकेक बाटली भरायला रात्रीचे दहा वाजले. त्या मुलानं पैसे घेतले नाहीत. “पुन्यांदा याल तवा आधी इचारा,” एवढंच म्हणाला.

पुढच्या बुधवारी मी याच वर्गात उभा राहिलो आणि जे झालं ते सगळं सांगितलं. कोणी रागावलं नाही. नियम मात्र त्याच दिवशी झाला: ट्रेकच्या आधी पंधरा दिवसांत दोन माणसं वाट पाहून येणार, आणि गावात फोन केल्याशिवाय तारीख जाहीर होणार नाही.

मार्च-एप्रिलला म्हणूनच आम्ही मोठा ट्रेक ठेवत नाही. पाणी नसतं, गवत वाळलेलं असतं, कड्यांवर आग्या मोहोळं असतात. तेव्हा फक्त रात्रीच्या चाली. मोहोळ उठू नये म्हणून कड्याखाली चूल नाही, अंगाला सेंट नाही, गोंगाट नाही. मे महिन्यात दोन गोष्टी. एक, किल्ल्यावरच्या पिण्याच्या टाक्यांतला गाळ काढणं, पुरातत्त्व आणि वन खात्याची परवानगी हातात आल्यावरच. दुसरी, हिमालय. दोन मुली उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत महिनाभराच्या बेसिक कोर्सला जातील. एकीच्या घरून अजून होकार नाही. शिक्षिकाबाई रविवारी तिच्या आईला भेटायला जाणार आहेत.

1998 मध्ये पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले, महाराष्ट्रातले पहिले. 2012 मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ या गिर्यारोहण संस्थेचे आठ जण एकाच मोहिमेत एव्हरेस्ट चढले, 2019 मध्ये दहा जण कांचनजुंगा. आम्ही तेवढे मोठे नाही. पण ज्या मुली मे महिन्यात बर्फात पहिलं पाऊल टाकतील, त्यांनी पहिली गाठ याच बाकावर बसून मारलीय.

[दृश्य: नऊ वाजून दहा मिनिटं. बाकं सरळ केली जातात. फळा पुसला जात नाही, त्याचा फोटो काढला जातो.]

कपाटाला कुलूप लागलं. बाहेर पाऊस वाढलाय. व्हरांड्यात उभं राहून दादानं बेलपाड्याला फोन लावला. पलीकडे पत्र्यावर पाऊस कोसळत होता, तो आवाज इथपर्यंत ऐकू येत होता.

“मामा, जानेवारीत यायचं म्हणतोय. नळीनं.”

“आत्ता नाळंत पानी लई हाय. दिवाळी होऊ दे, मी वर जाऊन बघून येतो. मग सांगतो.”

“बरं. तुम्ही हो म्हणाल तेव्हाच तारीख टाकू.”

“किती जनं?”

“पंधरा.”

थोडा वेळ नुसताच पाऊस ऐकू आला.

“मग भाकरी तांदळाची करायची का नाचनीची?”