चोरीच्या अलार्मपासून ड्रोनपर्यंत: युक्रेनची स्टार्टअप पोरं

(टेबलावरचे पार्ट, जवळून)

हे जे पसरलंय ना, कार्बनची फ्रेम, चार मोटर, बारकासा कॅमेरा, बॅटरी बांधायचा पट्टा, हे सगळं मुळात ड्रोनची रेस लावणाऱ्या हौशी पोरांचं सामान. जोडून झालं की साधारण ४००-५०० डॉलर, म्हणजे आपल्याकडचा एक बरा मोबाईल. आणि हेच आता रणगाड्यावर जाऊन आदळतं.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने हल्ला केला तेव्हा कीवमध्ये आयटीवाले भरपूर होते. एजॅक्स सिस्टिम्स ही तर घरात-दुकानात लावायचे चोरीचे अलार्म बनवणारी कंपनी, तिने स्टफाल्कन नावाच्या दुसऱ्या कंपनीला आणि सरकारच्या डिजिटल मंत्रालयाला सोबत घेऊन पहिल्या काही दिवसांतच हवाई हल्ल्याचा इशारा देणारं ॲप काढलं, फोन सायलेंटवर असला तरी बोंबलतं. इंग्रजी आवाज नंतर चक्क हॉलिवूडच्या मार्क हॅमिलने दिला.

(खांबावरचा डबा)

आता हा खांब बघा. डब्यात मायक्रोफोन आणि मोबाईल, बास. रशियाकडून स्फोटकं घेऊन येणाऱ्या शाहेद ड्रोनचं इंजिन एवढं फटफटतं की तिथले लोक त्याला मोपेडच म्हणतात, मग तो आवाज पकडायचा, कुठून कुठे चाललंय ते काढायचं आणि मशिनगन घेऊन गाडीत बसलेल्या टीमला कळवायचं. २०२४ पर्यंतच असे जवळपास १० हजार डबे देशभर लागले होते. लाखो डॉलरचं क्षेपणास्त्र प्रत्येक वेळी कशाला उडवायचं?

(रीळ फिरताना)

समोरून जॅमिंग वाढलं, म्हणजे ड्रोन चालवायचे रेडिओ सिग्नल मुद्दाम बिघडवणं, ते सिग्नल तुटायला लागले, मग ड्रोनच्या पोटाला ही फायबरची रीळ आली, केसासारखी वायर, ड्रोन पुढे जातं तशी मागे सुटत जाते, १०-१० किलोमीटर आणि त्याहून जास्त, आणि सिग्नलच हवेत नाही म्हटल्यावर जॅम काय करणार. खरं सांगायचं तर हे मोठ्या प्रमाणावर आधी रशियाने वापरलं, युक्रेनवाल्यांनी बघितलं आणि लगेच स्वतःचं बनवलं. या कामाला पैसे, टेस्टिंगची जागा आणि सैन्याशी थेट ओळख मिळावी म्हणून सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ब्रेव्ह-वन नावाचं व्यासपीठ सुरू केलं. आता तर असंय की सैन्याच्या तुकडीने हल्ल्याचा व्हिडिओ अपलोड करायचा, तपासून पॉइंट मिळतात, आणि त्या पॉइंटवर ऑनलाइन नवे ड्रोन मागवायचे.

मधल्या काळात वीज गेली, ऑफिसं जनरेटर आणि स्टारलिंकच्या सॅटेलाइट इंटरनेटवर चालली, किती जण देश सोडून गेले, किती आघाडीवर गेले आणि परत आलेच नाहीत.

(मोटर गुंडाळणारं मशिन)

अडचण एकच उरते, ती मोठी आहे. बरेचसे पार्ट चीनचे, आणि तेच पार्ट रशियालाही मिळतात. म्हणून आता फ्रेम, सर्किट बोर्ड आणि ही मोटरसुद्धा इथेच बनवायला घेतलीय, तांब्याची तार आणण्यापासून.