बारीक अंगातली साखर

(दृश्य: रास्ता पेठ, सकाळ. रुग्णालयाबाहेर रिक्षांची रांग.)

पुण्याचं केईएम रुग्णालय. मधुमेह म्हटलं की पोट सुटलेला, पन्नाशी गाठलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. पण इथे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याकडे येणारे कितीतरी पेशंट तरुण होते, आणि अंगानं बारीक. मग यांना साखर कशी?

उत्तर शोधायला टीम शहराबाहेर पडली. १९९३ साली, पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत. बायकांना दिवस जाण्याआधीपासूनच नोंदी सुरू झाल्या. ताटात काय पडतं ते लिहिलं गेलं, आणि विहिरीवरून पाणी कोण आणतं, शेतात किती राबावं लागतं, हेही. हे दुसरं फार मोलाचं. कारण बाळ लहान भरलं की घरातले पहिलं बोट सुनेकडेच दाखवतात. नोंदी सांगत होत्या, कष्ट जास्त तिथे बाळ लहान. दूध, पालेभाजी, फळं पोटात गेली तिथे बाळ मोठं.

(दृश्य: वजनकाट्यावर नवजात बाळ.)

या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. खांद्याच्या पात्याखाली कातडीची चिमट घेऊन मोजलं, तेव्हा खरी गोम कळली. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण चरबी मात्र त्या मानानं राखलेली! दिसायला किडकिडीत, आतून मेदाचं.

दोन-तृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ते मिळतं दूध, अंडी, मांस-मासळीतून. नुसत्या भाकरी-भाजीतून नाही. बी-१२ कमी आणि फोलेट (पालेभाजीतलं जीवनसत्त्व, गोळीतल्या फॉलिक अ‍ॅसिडचंच भावंडं) जास्त, अशा आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं सर्वाधिक दिसली. बी-१२ फारच कमी असलेल्या आयांची मुलं नवव्या वर्षी लक्ष टिकवण्यात आणि आठवण ठेवण्यात मागे होती. अशा पोराला वर्गात आपण सरळ 'धांदरट' म्हणून मोकळे होतो.

अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी झाली. जवळपास निम्मी मुलं वजनानं कमीच. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुलींच्या रक्तातली साखर बिघडलेली, बहुतेकांची मधुमेहाच्या अलीकडची.

(दृश्य: गावातलं घर, ओसरी. गोळ्यांची डबी.)

२०१२मध्ये याच मुलामुलींवर पुढचा प्रयोग सुरू झाला. दिवस गेल्यावर लोह-फॉलिकच्या गोळ्या द्यायच्या, ही आपली नेहमीची रीत. इथे लग्नाच्याही आधी बी-१२ दिलं. रोज २ मायक्रोग्रॅम, तेही मुलींबरोबर मुलग्यांनाही. पुढे त्यांना बाळं झाली. जन्माच्या वजनात फरक पडला नाही. पण ती बाळं बोलू-खेळू लागल्यावर चाचण्या घेतल्या, तेव्हा नुसतं बी-१२ घेतलेल्या आयांची मुलं, तुलनेसाठी औषध नसलेली गोळी दिलेल्या आयांच्या मुलांपेक्षा, आकलनात आणि भाषेत पुढे निघाली.