स्वस्त टॅबलेट आणि दुकानाची चावी

(लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. अर्ध्यावर उघडलेलं शटर. काउंटरवरचा टॅबलेट, कॅमेरा वरून.)

काउंटरवर पालथा पडलेला हा टॅबलेट म्हणजे आकाश. सरकारने विद्यार्थ्यांसाठी काढलेला स्वस्त टॅबलेट. पहिला, २०११ चा. सकाळी साडेदहाला आम्ही दुकानात शिरलो तेव्हा दुरुस्तीवाले काका शटर वर ढकलत होते, म्हणाले गर्दी झाली की मी तुमच्याशी बोलणार नाही, आणि तसंच झालं, त्यामुळे या व्हिडिओत काका जेवढे बोलतात तेवढं सगळं पहिल्या चाळीस मिनिटांतलं आहे.

बघा, आधी चार स्क्रू. मग जुनं एटीएम कार्ड फटीत घालून कडेकडेने फिरवायचं, टक टक टक असे क्लिप सुटत जातात. घाई केली तर क्लिप तुटतो, आणि या मॉडेलचं कव्हर आता कुठे मिळणार.

(कव्हर निघतं. बॅटरीचा क्लोजअप.)

बॅटरी पुरीसारखी फुगलीय. २१०० एमएएचची होती, म्हणजे आजच्या साध्या फोनच्या अर्ध्याहूनही कमी. काका ती आधी बाजूला काढून वाळूच्या डब्यात ठेवतात, मगच पुढचं काम.

आता स्क्रीन. सात इंच, ८०० बाय ४८०, आणि टच रेझिस्टिव्ह. हे जरा नीट बघा कारण स्वस्त टॅबलेटची सगळी गोष्ट या पापुद्र्यात आहे. आपल्या आजच्या फोनची काच बोटातली वीज ओळखते, नुसतं टेकवलं तरी चालतं. रेझिस्टिव्हमध्ये दोन थर असतात, मध्ये बारीकशी फट, वरचा थर दाबून खालच्याला टेकला की सर्किट जुळतं आणि मग टॅबलेटला कळतं की इथे कुणीतरी दाबलंय. त्यामुळे बोटापेक्षा नख बरं, नखापेक्षा पेनाचं टोपण बरं. दोन बोटांनी फोटो मोठा करणं वगैरे विसरा. पण पॅनल स्वस्त पडायचं, आणि डेटाविंड नावाच्या ज्या कंपनीने हा टॅबलेट बनवला तिच्याकडे टचपॅनल बनवायचं स्वतःचं तंत्र होतं, तिकडे कॅनडात, मॉन्ट्रियलला. सुनीत सिंग तुली आणि राजा सिंग तुली या दोन भावांची ही कंपनी. आकाशच्या आधी ते कमी स्पीडच्या मोबाइल नेटवर पानं दाबून दाबून छोटी करून दाखवणारं पॉकेटसर्फर नावाचं यंत्र विकायचे, म्हणजे कमी पैशांत नेट हा त्यांचा धंदा जुनाच.

बोर्डावर ही चिप, ३६६ मेगाहर्ट्झ. ही रॅम, २५६ एमबी. स्टोअरेज २ जीबी. कडेला दोन मोठे यूएसबी पोर्ट, पेन ड्राइव्ह सरळ घुसतो, तेव्हाच्या आयपॅडला हे जमत नव्हतं. (काका इथे हसतात, तो शॉट आम्ही मुद्दाम ठेवलाय.)

आणि आता जे दिसत नाही ते बघा. पाठीमागे कॅमेऱ्याचं भोक नाही. जीपीएसची अँटेना नाही. हे लक्षात ठेवा, आपण परत येणार आहोत इथे.

(जुन्या बातम्यांची कात्रणं, टेबलावर पसरलेली.)

जानेवारी २०१० मध्ये ॲपलने आयपॅड दाखवला, सुरुवातीची किंमत ४९९ डॉलर. त्याच वर्षी जुलैमध्ये आपले तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत एक टॅबलेट हातात धरून दाखवला आणि किंमत सांगितली ३५ डॉलर, म्हणजे तेव्हाचे दीडेक हजार रुपये. जगभर बातम्या झाल्या. बनवणार कोण हे मात्र ठरायचं होतं. आधी कंत्राट एचसीएल या कंपनीकडे गेलं, बँक गॅरंटीवरून ते रद्द झालं, मग आयआयटी राजस्थानने काढलेल्या टेंडरमधून डेटाविंड पुढे आली.

५ ऑक्टोबर २०११, दिल्ली. ५०० विद्यार्थ्यांच्या हातात आकाश. सरकारला एक नग साधारण २,२५० रुपयांना, म्हणजे ५० डॉलरच्या आसपास पडत होता, सवलत धरून विद्यार्थ्याला त्याहून कमीत मिळणार होता. योगायोग असा की अमेरिकेत त्याच तारखेला ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज गेले. वर्षभर आधी याच जॉब्जनी सात इंची टॅबलेटची टर उडवली होती, एवढ्या छोट्या स्क्रीनवर काम करायला माणसाची बोटं सँडपेपरने घासून बारीक करावी लागतील म्हणून.

पण खरी गंमत आठवडाभर आधी झालेली. २८ सप्टेंबरला ॲमेझॉनने किंडल फायर जाहीर केला होता, सात इंचीच, १९९ डॉलर. म्हणजे आयपॅडच्या निम्म्याहून कमी. वरवर बघितलं तर ४९९ वरून १९९ आणि १९९ वरून ५० डॉलर अशी ही किमतीची उतरंड वाटते, पेपरांनीही तशीच मांडली. आम्ही पण स्क्रिप्ट लिहायला बसलो तेव्हा तशीच लिहिली होती. मग काकांच्या टेबलावर हे कव्हर उघडलं आणि स्क्रिप्ट बदलली.

(परत बोर्ड. काकांचं बोट कॅमेऱ्याच्या रिकाम्या जागेवर.)

तर हे नसलेलं भोक. अँड्रॉइड फुकट असतं असं आपण सगळेच म्हणतो, आणि ते खरंय, मूळ सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा लिहिलेला मजकूर, कुणीही उतरवून घ्यावा, बदलावा, विकावा. पण अँड्रॉइडवरचं ॲपचं दुकान, ज्याला तेव्हा अँड्रॉइड मार्केट म्हणायचे आणि आता प्ले स्टोअर, ते फुकट कोडात येत नाही. ते गूगलचं. ते हवं असेल तर गूगलच्या अटींत बसायला लागतं, चाचण्या पास करायला लागतात, आणि अँड्रॉइड २.२ च्या अटींमध्ये मागचा कॅमेरा हवाच, जीपीएस हवंच, होकायंत्र हवंच असं लिहिलेलं होतं. कारण त्या अटी फोन डोळ्यासमोर ठेवून केलेल्या. आता अडीच हजारांच्या आत टॅबलेट बसवायचा तर पहिल्यांदा काय कापणार? कॅमेरा. जीपीएस. म्हणजे ज्या काटकसरीने किंमत खाली आली त्याच काटकसरीने दुकानाचं दार बंद झालं. आकाशवर अँड्रॉइड होतं पण मार्केट नव्हतं, त्याऐवजी गेटजार नावाचं दुसऱ्या कंपनीचं ॲपचं दुकान टाकलेलं.

मग टॅबलेटसाठीचं वेगळं अँड्रॉइड का नाही घेतलं असं कुणी विचारेल. होतं ना, अँड्रॉइड ३.०, हनीकोंब, फेब्रुवारी २०११ ला आलेलं, खास टॅबलेटसाठी केलेलं. पण त्याचा सोर्स कोड गूगलने तेव्हा खुला केलाच नाही. सॅमसंग, मोटोरोला अशा मोठ्या कंपन्यांना मिळालं, बाकीच्यांनी फोनचंच अँड्रॉइड ताणून सात इंचावर बसवलं. कोड खुला झाला थेट नोव्हेंबर २०११ मध्ये, ४.० आल्यावर. आकाश वाटून महिना उलटून गेला होता.

ॲमेझॉनने काय केलं बघा. त्यांनी पण तोच फुकटचा कोड घेतला, वर स्वतःचा रंग चढवला, गूगलचं दुकान मागितलंच नाही, स्वतःचं ॲप स्टोअर, स्वतःची पुस्तकं, स्वतःचे सिनेमे. टॅबलेटवर नफा नाही मिळाला तरी चालेल कारण माणूस आत आला की खरेदी आपल्याकडेच करणार. गूगलचं उत्तर २७ जून २०१२ ला आलं, नेक्सस ७, आसुसकडून बनवून घेतलेला, किंमत तीच १९९ डॉलर, आणि तो जवळजवळ बनवायच्या खर्चातच विकतोय हे त्यांनीही लपवलं नाही. दोघांनाही टॅबलेट विकायचाच नव्हता. दोघांना गल्ला हवा होता.

डेटाविंडकडे गल्ला नव्हता. मायक्रोमॅक्स, कार्बन या आपल्याकडच्या कंपन्यांकडे नव्हता, कुणाकडेच नव्हता इकडे.

(खोकं. त्यात वीसपंचवीस जुने टॅब, एकावर एक.)

हे खोकं काकांचं. लोक दुरुस्तीला देऊन परत न आलेले टॅब. यातले निम्मे बिननावाचे, पाठीवर नुसतं टॅबलेट पीसी असं छापलेलं. उघडलं की आत जवळपास एकच बोर्ड. २०१२ च्या सुमाराला चीनमधल्या ऑलविनर नावाच्या कंपनीने ए१० आणि मग ए१३ या चिपा काढल्या, काही डॉलरला एक, आणि चिपेबरोबर बोर्डाचं तयार डिझाइन आणि वर चढवलेलं अँड्रॉइड पण. म्हणजे शेन्झेनच्या बाजारात जायचं, बोर्ड निवडायचा, कव्हर निवडायचं, मागे आपलं नाव छापून आणायचं. मायक्रोमॅक्सचा फनबुक एप्रिल २०१२ मध्ये ६,४९९ ला आला त्यात ए१० होता. बीएसएनएलने पेंटा टॅब ३,२५० ला आणला. डेटाविंडचा बाजारातला युबीस्लेट २,९९९ ला. रोज एक नवीन नाव, त्या वर्षी या रस्त्यावर टॅबलेट भाजीसारखे मांडलेले असायचे असं काका सांगतात.

आकाश २ मध्येही एक गिगाहर्ट्झची चिप, ५१२ एमबी रॅम, कपॅसिटिव्ह म्हणजे बोटातली वीज ओळखणारी स्क्रीन, अँड्रॉइड ४.०. ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते तो आला, सरकारला २,२६३ रुपयांना, विद्यार्थ्याला १,१३० ला. त्याच महिन्यात तो संयुक्त राष्ट्रांत बान की-मून यांच्या हातातही दिसला. आणि त्याच महिन्यात पेपरात आलं की हे चीनमधून आणलेत, त्यावर कंपनीने सांगितलं की पहिले काही हजार घाईत तिकडे जुळवून आणले. बोर्ड कुठला आणि स्क्रू कुठे पिळला यावर महिनाभर भांडण चाललं, पण आतलं सॉफ्टवेअर कुणाचं हे फारसं कुणी विचारलं नाही. आमचा राग खरं तर इथेच आहे, लपवत नाही.

(खोक्यातला एक टॅब चालू होतो. स्क्रीनवर चौकोन.)

हा बिननावाचा चायना टॅब, अँड्रॉइड २.२. यावर आम्ही एक मराठी फाइल उघडली. चौकोन. सगळे चौकोन. ज्यांनी २०१० ते १२ मध्ये अँड्रॉइडवर मराठी वाचायचा प्रयत्न केलाय त्यांच्या पोटात आत्ता कालवलं असेल. मूळ अँड्रॉइड २.२ मध्ये देवनागरीचा फॉन्टच नव्हता. काही कंपन्या स्वतःहून टाकायच्या, स्वस्तातल्या नाही टाकायच्या. मग आपली जुगाड. ऑपेरा मिनी उतरवायचं, वर पत्त्याच्या जागी ऑपेरा कोलन कॉन्फिग टाइप करायचं, खाली खाली जायचं, शेवटी बिटमॅप फॉन्टचा पर्याय, तिथे नो चं यस करायचं, सेव्ह. मग ऑपेराचा सर्व्हर आपली अक्षरं चित्रं करून पाठवायचा आणि आपण लोकसत्ता वाचायचो. अक्षरांची चित्रं! कॉपी करता यायची नाहीत, शोधता यायची नाहीत, पण वाचता यायची. ही सेटिंग एकमेकांना एसएमएस करून सांगितलेली आठवते. अँड्रॉइड ४.० पासून देवनागरी फॉन्ट आत यायला लागला तेव्हा हे थांबलं.

(पवई. आयआयटीचं मेन गेट, पाऊस.)

आयआयटी राजस्थान आणि डेटाविंडचं चाचण्यांवरून फाटलं, अमेरिकन लष्कराच्या निकषांवर टॅबलेट पावसात भिजवून बघायचा का वगैरे, ते आमच्याकडे शूट नाही. २०१२ मध्ये काम पवईला आलं, आयआयटी मुंबई, प्रा. दीपक फाटक. आणि इथे पहिल्यांदा कुणीतरी टॅबलेटच्या आतल्या गोष्टीवर बसलं. आकाशवर सायलॅब हे गणिताचं सॉफ्टवेअर चालवून दाखवलं, सी आणि पायथन या भाषांतले प्रोग्रॅम त्या सात इंचावर लिहून चालवता येतील अशी सोय केली, मेमरी कार्डावरून चक्क लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम चालू केली. वर्गात प्रश्न विचारला की मुलांनी टॅबवरून उत्तर दाबायचं असं ॲप केलं. देशभरच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतल्या शिक्षकांना लांबून ट्रेनिंग दिलं. दुकानाची चावी आपल्याकडे नाही ना, मग दुकान न लागणाऱ्या वस्तू बनवू, असं ते काम होतं. अजून चार वर्षं असंच चाललं असतं तर, असं म्हणायचा मोह होतो.

(एका कॉलेजची लॅब. ड्रॉवर उघडतो. टॅब, चार्जर, धूळ.)

३१ मार्च २०१५ ला आकाश प्रकल्प संपला. त्याच वर्षी मुंबई महापालिकेने आठवीच्या मुलांना टॅब दिले. मोठे फोन स्वस्त झाले, मग २०१६ ला जिओ आलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, प्ले स्टोअर हवं तर बाकीची ॲपही घ्याच या अटीवरूनही.

(परत लॅमिंग्टन रोड. बॅटरी नसलेला आकाश, बोर्डाला दोन क्लिपा.)

काकांनी बॅटरीऐवजी वीज पुरवणाऱ्या डीसी सप्लायच्या दोन क्लिपा थेट बोर्डाला लावल्यात. थांबा. अजून थांबा. हा शॉट आम्ही कापला नाही, पूर्ण एक मिनिट अठरा सेकंदांचा आहे. लोगो आला. काका अंगठ्याच्या नखाने दाबतात, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा लागतं.

गेटजार उघडायला बघतो, नेट नाही म्हणतो.

बाहेर गिऱ्हाईक उभं आहे. काका एका हाताने क्लिपा काढतात आणि दुसऱ्या हाताने त्याचा फोन घेतात.