आधी एसएमपीएस, मग ग्राफिक्स कार्ड

(लातूर येथे विद्यार्थी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर निम्म्या खुर्च्यांवर पोरं आहेत, निम्म्यांवर त्यांचे आईवडील. पोरांना विचारायचंय, एफपीएस, म्हणजे गेममध्ये सेकंदाला चित्रं, किती मिळतील. पालकांना विचारायचंय, हे किती वर्षं पुरेल. दुसरा प्रश्न जास्त शहाणा आहे, म्हणून आज मी पालकांच्या बाजूने बोलणार आहे. पोरांनी राग मानू नये, शेवटी फायदा त्यांचाच आहे.

मॉनिटर सोडून ५५-६० हजारांचा पीसी धरून चालू. रुपयांतले भाव मी मुद्दाम सांगत नाही. २०२५ च्या शेवटी शेवटी रॅमचे भाव असे भडकले की छापलेला कोणताही आकडा महिनाभरात खोटा ठरतो. हिस्से सांगतो: ग्राफिक्स कार्डाला ३५ ते ४० टक्के, प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून ३० च्या आसपास, सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याला, म्हणजे एसएमपीएसला, ८ ते १०, आणि उरलेल्यात रॅम, एसएसडी, कॅबिनेट.

एवढ्या पैशात सगळंच चांगलं बसत नाही. कुठेतरी हात आखडावाच लागतो. जो भाग दोन स्क्रू काढून पाच मिनिटांत बदलता येतो, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, रॅम, एसएसडी, त्यात आज थोडं कमी घेतलं तरी चालतं. ज्याला हात लावायचा म्हणजे अख्खं मशीन उघडून वायरी उपसायच्या, म्हणजे एसएमपीएस, मदरबोर्ड आणि कॅबिनेट, तिथे हात आखडू नका. तिथे वाचवलेले दोन हजार पुढच्या अपग्रेडला पाच हजार होऊन परत येतात.

बाजारात मात्र उलटं विकलं जातं. 'आय७ गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, २ जीबी ग्राफिक्स, चार आरजीबी पंखे', आणि भाव ऐकून वाटतं, लॉटरी लागली. दुकानदाराला एकच विचारा: आय७ कोणत्या जनरेशनचा? बहुतेक वेळा तो २०११ चा २६०० किंवा २०१२ चा ३७७० निघतो. विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंट हा गेम विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूटशिवाय उघडत नाही. त्यातली रॅम डीडीआर३ या जुन्या पिढीची, म्हणजे नव्या बोर्डात तीही चालणार नाही. चार कोरचा साधा आय३-१२१००एफ या आय७ ला सहज मागे टाकतो.

आता एसएमपीएस. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत यावर दोन मिनिटं बोलतात. आपल्याकडे जास्त बोलायला पाहिजे, कारण आपली लाईट तशी नाही.

आधी वॅटचा हिशोब. रायझन ५ ५६०० भरात आला की ७६ वॅट घेतो, आरएक्स ६६०० कार्ड १३२, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून ४०-५०. आजच्या मशीनला ४५० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरेल. पण तीन वर्षांनी दोनशे-अडीचशे वॅटचं कार्ड टाकायचं असेल तर आजच ६५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझचा (कमी वीज वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) घ्या, आणि ग्राफिक्स कार्डासाठी ६+२ पिनचे दोन कनेक्टर आहेत हे बघून घ्या. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ५०० वॅट लिहिलेलं असतं. कडेचं लेबल वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात १८-२० अँपिअरच दिसले तर तो २४० वॅटच्या घरातला आहे, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात.

त्याच लेबलवर इनपुट व्होल्टेज असतं. '१००-२४०' असेल आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (लाईटमधून करंट सुरळीत ओढणारं सर्किट) असेल, तर शेतीपंप सुरू झाल्यावर व्होल्टेज १७० वर आलं तरी मशीन चालतं. नुसतं '२३०' असेल तर तेवढ्यावर ते बंद पडू शकतं. उलटा धोका जास्त वाईट. डीपीवर न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरात तीनशेच्या वर व्होल्टेज येऊ शकतं. तिथे कोणताही एसएमपीएस हमी देत नाही. गावाकडच्या घरात मेनला ओव्हर-व्होल्टेज कटऑफ बसवून घ्या. पीसीच्या तुलनेत त्याची किंमत काहीच नाही.

यूपीएस. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. वर धरलेलं मशीन मॉनिटर आणि एसएमपीएसमधली गळती धरून गेममध्ये सव्वातीनशे ओढतं. म्हणजे लाईट गेली की यूपीएस कोकलतो, आणि बॅटरी वर्षभर जुनी असेल तर मशीनसकट बसतो. हजार-अकराशे व्हीएचा घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा. एसएमपीएस आतल्या कपॅसिटरवर पूर्ण लोडला जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरने लाईटवरून बॅटरीवर जायला त्याहून जास्त वेळ घेतला की पीसी रीस्टार्ट. शिवाय स्क्वेअर वेव्ह देणाऱ्या इन्व्हर्टरवर काही अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाले एसएमपीएस बंद पडतात, म्हणून नवा इन्व्हर्टर घेणार असाल तर साइन वेव्हचाच.

आणि आर्थिंग. कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला अनवाणी पायांनी उभं राहून हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार आपल्याकडे घरोघरी आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले दोन बारके कपॅसिटर असतात. आर्थिंग असेल तर गळती तिकडून निघून जाते. नसेल तर कॅबिनेट साधारण अर्ध्या व्होल्टेजवर, ११५ च्या आसपास तरंगत राहतं. करंट फार थोडा असतो, माणसाला झिणझिण्यांवर भागतं. पण मॉनिटरची एचडीएमआय किंवा सेट टॉप बॉक्सची वायर चालू स्थितीत लावताना तोच करंट पोर्टमधून जातो आणि पोर्ट मरतो. तिसरी पिन तोडून टू-पिनमध्ये खुपसू नका. वायरमनकडून खोलीपर्यंत खरी आर्थिंगची वायर ओढून घ्या.

उन्हाळ्याचं बोलू. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडला पारा ४२-४३ च्या पुढे जातो. परदेशी चाचण्या २१-२२ अंशांच्या खोलीत झालेल्या असतात. तिथे ७० दिसलं की आपल्याकडे ९० धरा. ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे, त्यानंतर तो स्वतःच वेग कमी करतो. जळत नाही, पण गेम अडखळतो. म्हणून कॅबिनेट काचेच्या बंद तोंडाचं नको, जाळीच्या तोंडाचं. पुढे दोन पंखे आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. कार्डासाठी ३०० मिलिमीटरच्या वर जागा आहे का ते बघा, पुढच्या अपग्रेडला लागेल. धुळीची जाळी काढून धुता आली पाहिजे. वावरातली काळी माती वाळली की पिठासारखी उडते आणि थेट हीटसिंकच्या पात्यांत बसते.

वाळ्याचा किंवा हनीकोंबचा कूलर खोलीत असतोच. त्याच्या झोताच्या तोंडाशी पीसी ठेवू नका. बोअरच्या जड पाण्याचे तुषार वाळून क्षार मागे राहतात. कूलर खिडकीत, पीसी बाजूच्या भिंतीला, आणि समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं, नाहीतर दमट हवा खोलीतच फिरत राहते.

प्रोसेसर आणि बोर्ड. आज तीन वाटा आहेत, प्रोसेसर ज्यात बसतो त्या सॉकेटच्या नावाने. एएम४ वर रायझन ५ ५६००: सहा कोर, बारा थ्रेड, डीडीआर४ रॅम. एलजीए१७०० वर आय५-१२४००एफ: हाही सहा कोरचा, बोर्डाप्रमाणे डीडीआर४ किंवा डीडीआर५. आणि २०२२ ला आलेलं एएम५, त्यावर ७५००एफ किंवा ७६००, फक्त डीडीआर५. 'अपग्रेड' म्हटलं की सगळे सॉकेटवर वाद घालतात. एएम५ ला २०२७ पर्यंत तरी सपोर्ट देऊ असं एएमडीने सांगितलं आहे, ते खरं. पण आपल्या बजेटचा माणूस आधी एसएसडी वाढवतो, मग रॅम, दोन-तीन वर्षांनी कार्ड बदलतो, आणि प्रोसेसरची पाळी सगळ्यात शेवटी येते. सॉकेटच्या भविष्यासाठी आज कार्ड एक पायरी खाली घ्यावं लागत असेल, तर माझं मत डीडीआर४ वरच राहा असं आहे. डीडीआर५ चा फरक परवडत असेल तर अर्थातच एएम५.

नावातली अक्षरं नीट वाचा. इंटेलचा 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही, ५६०० मध्येही नाही. कार्ड खराब होऊन वॉरंटीला गेलं की पडदा काळा. ज्यांच्याकडे कार्डाचे पैसे आज नाहीत त्यांनी ५६००जी घ्यावा, त्याच्या आतल्या ग्राफिक्सवर व्हॅलोरंट कमी सेटिंगला व्यवस्थित खेळता येतं. त्याची किंमत वेगळ्या प्रकारे द्यावी लागते: कॅश (प्रोसेसरच्या आतली मेमरी) ३२ एमबीऐवजी १६, आणि कार्डाशी जोडणारं पीसीआयई तिसऱ्या जनरेशनचं. एएम५ वरचा ८५००जी तर कार्डाला पीसीआयईच्या चारच लेन (मार्गिका) देतो, पुढे मोठं कार्ड टाकणार असाल तर तो घेऊच नका.

बोर्डात तीन गोष्टी: रॅमचे चार स्लॉट, एसएसडीसाठी एम.२ चे दोन, आणि व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर) हीटसिंक. एएम४ मध्ये बी५५० चिपसेटचा बोर्ड घ्या, ए५२० नको. ए५२० वर पीसीआयई तिसरं आहे. आरएक्स ६६०० आठ लेनचं असल्याने तिथे थोडं गमावतं. आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच लेनचं, ते तिथे पार कोलमडतं. जुना स्टॉक असेल तर बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, दुकानातच अपडेट करून घ्या. तेराव्या-चौदाव्या जनरेशनच्या के मालिकेचा इंटेल पुढे टाकायचा विचार असेल तर हे विसरूच नका, त्या चिपांना जास्त व्होल्टेज जाण्याचा दोष २०२४ मध्ये बायोसमधूनच दुरुस्त केला गेला.

रॅम १६ जीबी, आठ-आठच्या दोन कांड्या, डीडीआर४ ३२०० किंवा ३६००. प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पहिल्या-दुसऱ्यात लावल्या की दोन्ही एकाच चॅनलवर बसतात, आणि विकत घेतलेला निम्मा वेग वाया. एएम५ वर हिशोब बदलतो: चार कांड्या भरल्या की ७००० मालिकेचा अधिकृत वेग ५२०० वरून ३६०० वर येतो. तिथे 'दोन आता, दोन नंतर' करू नका. वेगळं कार्ड असेल तर १६ ची एकच कांडी घेऊन पुढे त्याच पार्ट नंबरची दुसरी टाकणं बरं. आतल्या ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांनी मात्र एका कांडीवर अजिबात भागवू नये. आणि बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो ही रॅमच्या पूर्ण वेगाची सेटिंग सुरू करा, नाहीतर ३२०० ची रॅम वर्षानुवर्षं २१३३ किंवा २४०० वर पळते आणि कुणाला पत्ताही नसतो.

एसएसडी १ टीबीची एनव्हीएमई, तिसऱ्या जनरेशनची पुरे. एकेक गेम शंभर जीबीच्या वर जातो, ५०० महिनाभरात भरेल.

कार्डात ८ जीबी मेमरीच्या खाली जाऊ नका. १०८० पीला आरएक्स ६६००, आरएक्स ७६००, आरटीएक्स ४०६० किंवा ५०६० यातलं त्या आठवड्यात जे स्वस्त पडेल ते. आर्क बी५८० ला १२ जीबी आहे, पण रीसाइझेबल बार ही सोय नसलेल्या जुन्या बोर्डावर ते घेऊ नका. आरटीएक्स ३०५० दोन आहेत, ८ जीबी आणि ६ जीबी, आणि ६ जीबीवालं नुसती मेमरी कमी केलेलं नसून मुळातच मंद आहे. सेकंडहँड घेताना जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर चालवून बघा. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेलं कार्ड ते ओळखतं आणि नावापुढे तसं लिहितं. आरएक्स ५८० '२०४८एसपी' दिसलं तर ते खरं ५८० नाही, ५७० च्या तोलाचं आहे.

जोडताना काय चुकतं? प्रोसेसरच्या वरच्या कोपऱ्यातली ८ पिनची वायर राहते, पंखे फिरतात आणि पडदा काळा. २४ पिनचा कनेक्टर कट आवाज येईपर्यंत दाबलेला नसतो. मॉनिटरची वायर कार्डाऐवजी बोर्डाला लावतात. १६५ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वरच राहतो. दुसऱ्या कंपनीच्या मॉड्युलर (सुट्या केबलच्या) एसएमपीएसची केबल बसते म्हणून लावतात आणि एसएसडी जाळतात, कारण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते. एएम४ चा कूलर काढताना आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, मशीन बंद करून प्लग काढा, आणि कूलर सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. नाहीतर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटून येतो आणि पिना वाकतात.

खरेदी. नांदेड-लातूरची मंडळी सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरला, तिथल्या संगणकाच्या बाजारात, जाऊन येतात, भाव कधी कधी खरंच बरा पडतो. पण एखादा भाग बंद पडला तर तो परत कुठे द्यायचा, हे आधी विचारा. एसएमपीएस आणि बोर्ड तरी जवळच्या दुकानातून घ्या. पक्कं जीएसटी बिल, त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर, आणि तो नंबर घरी येण्याआधी, दुकानातच कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी भारतातली आहे का आणि कधीपासून मोजली आहे ते बघा. बाहेरून आणलेला माल इथे स्वस्त मिळतो, पण कंपनी तो हातात घेत नाही.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या काकांचा हात मघापासून वर आहे.