घरापासून मुंबई किती तास?

श्रोतेहो, नमस्कार.

"विमानानं मुंबई कितीक दूर हाय?" यवतमाळकडच्या आमच्या गावात हा प्रश्न हौसेपोटी कोणी विचारत नाही. घरातल्या पेशंटला मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलात दाखवायचं असतं आणि रात्रभर रेल्वेत बसणं त्याला झेपणारं नसतं, तेव्हा तो विचारला जातो. म्हणून आज त्याचं नीट उत्तर देतो.

नागपूर ते मुंबई हवेतलं सरळ अंतर सुमारे ६९० किलोमीटर. रेल्वेनं तेच ८३७ होतं. विमानाच्या तिकिटावर दीड तासाच्या आसपास वेळ दिसते. आता जेट विमान वर गेलं की ताशी ८०० किलोमीटरच्या वेगानं जातं, मग दीड तास कशाला? कारण तो वेळ विमान नागपुरात जागेवरून हललं तिथपासून मुंबईत जागेवर थांबेपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. गर्दी असली की विमान वरच घिरट्या घालतं. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून जोरात वाहतो. जाताना थोडा वेळ जास्त लागतो, येताना वाचतो.

एप्रिल २०२५ पासून अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहूनही मुंबईचं विमान सुरू झालं. अंतर नागपूरपेक्षा कमी, तरी प्रवास पावणेदोन तासांच्या घरातला. ते पंख्याचं एटीआर विमान, जेटपेक्षा हळू. पण आमच्या यवतमाळकडच्या माणसाला बेलोरा कितीतरी जवळ. वार आणि वेळ आधी विचारून घ्या.

हे सगळं ठाऊक असूनही माझ्या बाबांचं पहिलं विमान चुकलं. सकाळी दहाचं होतं. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर, पहाटे पाचला गाडी काढली. बुटीबोरीच्या पुढे ट्रकांच्या रांगेत अडकलो आणि सव्वानऊला विमानतळाच्या चेक-इन काउंटरवर पोचलो. विमान सुटायच्या तासभर आधी हे काउंटर बंद करतात. बाबा लोखंडी खुर्चीवर बसून राहिले, मांडीवर बाजाराची थैली, थैलीत एक्स-रे आणि फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी. मला एकच म्हणाले, "इमान तं अजून दिसून राहिलं ना रे!" काचेपलीकडे ते खरंच उभं होतं. त्या दिवशीचं त्यांचं तोंड मी विसरलेलो नाही.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, हिशेब उंबरठ्यापासून करा. दहाचं विमान असेल तर आठला विमानतळावर. त्यासाठी यवतमाळ पहाटे चारला सोडायचं, आणि गाव आत असेल तर अडीच-तीनलाच. मुंबईत उतरून सामान घेऊन परळला पोचेपर्यंत दुपारचा एक वाजतो. म्हणजे दीड तासाचं विमान, पण दार ते दार दहा तास. धामणगावहून संध्याकाळी रेल्वे धरली तर सकाळी मुंबई येते, तिकीटही स्वस्त. पेशंट धडधाकट बसू शकत असेल तर मी रेल्वेच सांगेन.

बसवत नसेल तर मात्र विमानच, आणि आदल्या रात्री नागपुरात मुक्काम. दुसऱ्या खेपेला आम्ही विमानतळालगतच्या सोनेगावजवळ नातलगाकडे उतरलो होतो. बाबांना खिडकी मिळाली. खाली कपाशीची शिवारं दिसेनाशी होईपर्यंत ते वाकून बघत होते.