तांबडी माती, खारं पाणी

[दृश्य : मालिंदीचा किनारा, सकाळ. ओहोटी लागलेली. दूरवर गढूळ पाणी.]

जाहिरातीतला समुद्र निळा असतो. हा टपरीवरच्या चहाच्या रंगाचा आहे.

डिसेंबरातली सकाळ. केनियाच्या किनाऱ्यावरचं मालिंदी गाव. कालच हॉटेलात उतरलेलं एक जोडपं वाळूवर येऊन उभं राहतं, पाण्याकडे बघतं, मग एकमेकांकडे बघतं. पैसे भरले होते ते निळ्या रंगाचे.

या पाण्याबद्दल गाऱ्हाणं घालायचं तर ते हत्तींच्या मुलखात जाऊन घालावं लागेल. मालिंदीच्या थोडं उत्तरेला साबाकी नदी समुद्राला मिळते. हीच नदी वर गेलं की गालाना म्हणून ओळखली जाते. त्याच्याही वर तिचे दोन फाटे होतात. एक आथी, नैरोबीच्या बाजूनं येणारी. दुसरी त्सावो, किलिमांजारोच्या अंगानं येणारी. केनियात पावसाळे दोन. मोठा मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. छोटा पाऊस झाला की नदी तांबडी होऊन खाली उतरते. त्याच सुमारास ईशान्येचा वारा सुटतो आणि ती सगळी माती दक्षिणेला, मालिंदीकडे लोटतो. जुलैत आलात तर वारा उलटा, मातीचा लोटही उलट्या दिशेला.

प्रवासी कंपन्यांच्या पत्रकात 'जंगल आणि समुद्र' असं जोडीनं छापलेलं असतं. चार रात्री सिंह, तीन रात्री वाळू. मध्ये एक छोटं विमान. त्या विमानात बसलं की जंगल आणि समुद्र हे दोन वेगवेगळे देश वाटायला लागतात. आम्ही ते विमान गाळलं. आगगाडीनं त्सावोच्या राखीव रानात गेलो आणि नदीच्या काठाकाठानं खाली समुद्रावर आलो.

[दृश्य : नैरोबी स्थानक. डब्यात चढणारी माणसं, पोती, बॅगा.]

नैरोबी ते मोंबासा. अंतर सुमारे 470 किलोमीटर. 2017 साली सुरू झालेली ही नवी गाडी पाच-सहा तासांत ते तोडते. स्वाहिली भाषेत आगगाडीला 'गारी मोशी' म्हणतात. मोशी म्हणजे धूर, आणि गारी म्हणजे आपली गाडीच. धुराची गाडी. दुकानाला इथे 'दुका', विम्याला 'बिमा', आंब्याला 'एम्बे', लाखाला 'लाकी'. 'सफारी' शब्दाच्या मुळाशी अरबीतला तोच 'सफर', जो आपणही वापरतो. सिंहाला मात्र 'सिंबा' म्हणतात हे ऐकून फार हुरळून जाऊ नये. तो शब्द इकडच्या बांटू भाषांमधला, जुना. सिंहाशी त्याचं साम्य निव्वळ योगायोगाचं.

काही शब्द जहाजांनी आणले, काही रुळांनी. इथली पहिली रेल्वे इंग्रजांनी 1896 साली मोंबासाहून बांधायला घेतली. 1901 साली रूळ व्हिक्टोरिया सरोवराला जाऊन टेकले. त्या कामावर हिंदुस्थानातून सुमारे 32 हजार मजूर आणले होते, त्यातले बरेचसे पंजाबातले. अडीच हजारांच्या आसपास परत गेलेच नाहीत. ते इथेच मेले.

[दृश्य : त्सावो नदीवरचा पूल. खाली संथ पाणी.]

1898 साली या पुलाचं काम चालू असताना दोन सिंहांनी छावणीतली माणसं उचलायला सुरुवात केली. ते जवळजवळ नऊ महिने चाललं. दोघेही नर, आणि दोघांनाही आयाळ नव्हती. त्सावोतल्या बऱ्याच नरांना ती नसते किंवा तुरळक असते. कामावरचा अधिकारी जॉन पॅटरसन यानं अखेर दोघांना गोळी घातली. आज ते पेंढा भरून शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये उभे आहेत. किती माणसं खाल्ली? पॅटरसननं पुढे 135 असा आकडा सांगितला. 2009 साली सिंहांची हाडं आणि केस तपासून शास्त्रज्ञांनी जो अंदाज काढला, तो 35 च्या आसपास आला. म्हणजे बाकीचे मजूर ताप, हगवण, अपघात यांनी गेले. त्यांच्यावर कुणी पुस्तक लिहिलं नाही. हगवणीला जबडा नसतो.

[दृश्य : गाडीच्या खिडकीतून माळरान. भरावाखालच्या बोगद्यातून जाणारे हत्ती.]

आता रूळ उंच भरावावर आहेत आणि खालून जनावरांना जायला वाटा ठेवल्या आहेत. डाव्या हाताला पूर्व त्सावो, उजव्या हाताला पश्चिम त्सावो. 1948 साली राखून ठेवलेलं हे रान दोन्ही मिळून 20 हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे यात मावतील.

एवढ्या मोठ्या रानाचा एक तोटा आधीच सांगून टाकतो. इथे जनावर शोधावं लागतं. हजारो विल्डबीस्ट नदीत उड्या टाकताहेत असं दृश्य डोक्यात घेऊन आलेल्या माणसानं मसाई माराला जावं. त्सावोत तासभर काहीच दिसत नाही. मग गेरेनुक नावाचं लांब मानेचं हरीण मागच्या दोन पायांवर उभं राहून बाभळीचा शेंडा खुडताना दिसतं. मग पुन्हा तासभर काही नाही. ज्याला हे जमतं त्यालाच त्सावो आवडतं.

[दृश्य : मझीमा झरे. काचेसारखं पाणी, आत पाणघोडे.]

पश्चिम त्सावोत आधी काळा लाव्हा लागतो. थिजलेला, धारदार, त्यावर पाय ठेवायची सोय नाही. त्याचं नाव 'शेतानी'. अर्थ सांगायला नको. त्या काळ्या, कोरड्या मुलखातून जाताना पाण्याचा विचारही मनात येत नाही, आणि अचानक झाडी लागते. ताडमाड, अंजिरं, पाखरांचा गलका. मध्ये निवळशंख पाण्याचं तळं.

हे पाणी पलीकडच्या च्युलू डोंगरांवर पडलेल्या पावसाचं. तिथला खडक ज्वालामुखीचा, सच्छिद्र. पाणी वर थांबतच नाही. आत मुरतं, जमिनीखालून वाट काढतं, गाळून निघतं आणि कितीतरी किलोमीटर दूर, इथे, वर येतं. दिवसाला कोट्यवधी लिटर. काठावर पाण्याखाली बांधलेली एक छोटी खोली आहे. जिना उतरून काचेपाशी उभं राहायचं. नशीब असेल तर समोरून पाणघोडा जातो, तळाला पाय टेकत, चंद्रावर चालल्यासारखा. बहुतेक वेळा मासेच दिसतात.

आम्हाला जास्त रस वाटला तो एका पाइपात. मझीमाचं पाणी पाइपानं थेट मोंबासा शहराला जातं. समुद्रकाठच्या हॉटेलातल्या पाहुण्यानं अंगाचं मीठ धुवायला नळ सोडला, तर त्यात पाणघोड्यांच्या शेजारचं पाणी असू शकतं. पत्रकात हे छापत नाहीत.

[दृश्य : पूर्व त्सावो, उजाडताना. तांबड्या वाटेवर हत्तींचा कळप.]

आणि हे ते. विटेच्या रंगाचे.

हत्ती मुळात करडाच. पण इथली माती लोहाची, आपल्या कोकणातल्या जांभ्याच्या जातीची. हत्ती डबक्यात लोळतो, वर सोंडेनं सुकी धूळ उडवून घेतो. उन्हापासून आणि गोचिडांपासून बचाव होतो, आणि वर हा रंग चढतो. पिल्लू नुकतं पाण्यातून निघालं असेल तर कळपात तेवढं एकच काळपट दिसतं. पाच मिनिटांत तेही लाल.

त्सावो आणि आसपासच्या पट्ट्यात आज सुमारे 15 हजार हत्ती आहेत. केनियात एवढे दुसरीकडे कुठेही नाहीत. 1970-71 च्या दुष्काळात इथे हजारो हत्ती उपासमारीनं मेले. त्यातून वाचलेल्यांवर पुढची पंधरा-वीस वर्षं चोरटे शिकारी तुटून पडले. त्याच्या आधीचा इतिहास आपल्याही घरात येतो. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतला हस्तिदंत जहाजांनी मुंबईला उतरायचा आणि त्यातला बराचसा नववधूंच्या चुड्यांसाठी कातला जायचा. मुंबईच्या बाजाराला त्सावोतल्या हत्तींची खबर नव्हती, पण दाताचा भाव रोज ठाऊक होता.

[दृश्य : गालाना नदी. काठावर मगर. मागे लांबलचक सपाट पठार.]

आता नदीबरोबर खाली. पलीकडे क्षितिजभर दिसतंय ते याट्टा पठार. सुमारे 300 किलोमीटर लांबीचा, एकाच लाव्ह्याचा थिजलेला ओघ. त्याच्या पायथ्याशी गालाना वाहते, कायम गढूळ. हा गाळ एकट्या हत्तींच्या पायांनी उडवलेला नाही. वरच्या अंगाला आथीच्या खोऱ्यात शेतं आहेत, उतार आहेत, झाडी तुटलेली आहे. गेल्या शंभर वर्षांत या नदीतून येणारी माती खूप वाढली. समुद्रातल्या प्रवाळाला ती सोसत नाही.

साला फाटकातून जंगल संपतं. पुढे मालिंदीपर्यंत शंभरेक किलोमीटरचा रस्ता. हळूहळू बाभळी विरळ होतात. पहिलं नारळाचं झाड दिसतं. मग आंबा, काजू, फणस. घरांवर झावळ्यांची छपरं, त्यांना इथे 'माकुती' म्हणतात. गाडीतल्या मालवणच्या आमच्या कॅमेरामननं एवढंच म्हटलं, "हय तर घराकच इलंय मरे."

[दृश्य : वातामू. ओहोटी. लहान मुलं खडकांच्या खळग्यांत वाकलेली.]

मालिंदीच्या दक्षिणेला, वीस-पंचवीस किलोमीटरवर वातामू. नदीची माती इथवर फारशी पोहोचत नाही. इथे तो पत्रकातला निळा रंग सापडतो.

क्रम हाच ठेवावा, आधी जंगल आणि मग समुद्र. जंगलात पहाटे पाचला उठायचं, हाडं खिळखिळी होईस्तोवर जीपमध्ये बसायचं, केसांत, कानांत, सुटकेसच्या कुलपात धूळ. समुद्रावर आधी तीन दिवस लोळलेला माणूस त्यानंतर पहाटे पाचला उठत नाही. उठवून बघा.

इथल्या समुद्राचं वेळापत्रक मात्र शिकून घ्यावं लागतं. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर प्रवाळाची भिंत आहे, त्यामुळे मोठी लाट बाहेरच फुटते. पण भरती-ओहोटीत पाणी पुरुषभर उंचीहून जास्त खालीवर होतं. सकाळी पोहायला आलात तर समोर समुद्रच नसतो, नुसते खडक. तेव्हा चालायचं. पायात जाड तळाच्या चपला हव्यात, खळग्यांत काटेरी समुद्री साळी असतात. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, शंख उचलायचे नाहीत. 1968 पासून हे पाणी संरक्षित आहे. वाळूत कासवं अंडी घालतात, त्या जागांवर राखण असते. अजून एक. केनियात प्लास्टिक पिशव्यांवर 2017 पासून बंदी आहे, आणि राखीव रानांत, किनाऱ्यांवर 2020 पासून एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक चालत नाही. चिवडा आणि भाकरवडी डब्यातून न्या.

तशी त्यांची गरज पडत नाही. न्याहारीला 'माहाम्री', वेलचीच्या वासाची तळलेली फुगीर पुरी, आणि 'म्बाझी', नारळाच्या दुधात शिजवलेले तुरीचे दाणे. जेवायला नारळातला भात. मासा भाजून वर नारळाचाच दाट रस. कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला 'काचुम्बारी'. शहाळ्याला 'मादाफू'.

[दृश्य : मोंबासा. फोर्ट जीझस, समुद्राकडची बाजू. संग्रहालयातली जहाजाची लाकडं.]

मोंबासाचा हा किल्ला पोर्तुगीजांनी 1593 साली बांधायला घेतला. हुकूम गोव्याहून सुटायचे. 1696 साली ओमानच्या अरबांनी त्याला वेढा घातला, तेव्हा मदतीला जहाजंही गोव्याहूनच आली. त्यातलं एक 1697 साली या किल्ल्याच्या पायथ्याशी बुडालं. सांतो अंतोनियो द तान्ना. तान्ना म्हणजे आपलं ठाणं. जहाज 1681 साली बांधलं होतं वसईत.

1970 च्या दशकात पाणबुडे तळाशी उतरले आणि त्यांनी त्याचं उत्खनन केलं. त्यातल्या वस्तू इथे मांडल्या आहेत. वसईच्या सुतारांनी घडवलेलं हे जहाज चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्याच्या 42 वर्षं आधी इथे तळाला गेलं. किल्ला पुढे 1698 च्या डिसेंबरात पडला.

[दृश्य : शिडाचं गलबत, 'धाऊ', वाऱ्यानं फुगलेलं शीड.]

ही सगळी जा-ये दोन वाऱ्यांवर चालायची. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चपर्यंत 'कास्काझी', ईशान्येचा. त्यावर आपल्याकडची गलबतं इथे यायची. एप्रिलनंतर 'कुसी', दक्षिणेचा. त्यावर परत जायची. कुसी इथून उत्तरेला जातो, विषुववृत्त ओलांडतो, उजवीकडे वळतो, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ भन्नाट जोर धरतो, आणि जूनमध्ये कोकणात छपरं वाजवतो. मोंबासाच्या मच्छीमाराच्या टोपीखालून गेलेला वारा रत्नागिरीत पाऊस होऊन उतरतो.

यायचं कधी, याचं उत्तरही याच वाऱ्यांत आहे. आपल्या शाळांची सुट्टी एप्रिल-मेमध्ये, नेमका तेव्हा या किनाऱ्यावर मोठा पाऊस. मेमध्ये काही हॉटेलं बंदच असतात. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम, रान कोरडं, समुद्र शांत. शाळा बुडेल, पण शाळेला कारण सांगता येतं. पिवळ्या तापाची लस मात्र निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी. तिचं कार्ड नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावर अडवतात.

[दृश्य : साबाकीचं मुख, संध्याकाळ. वाळूचे बांध, उथळ पाण्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो.]

शेवटच्या संध्याकाळी आम्ही पुन्हा मालिंदीच्या उत्तरेला, नदीच्या मुखाशी आलो. हॉटेलं मागे राहिली. तांबडं पाणी आणि खारं पाणी यांच्या मधली रेघ इथे उघड्या डोळ्यांना दिसते. ओहोटीला ती पुढे सरकते, भरतीला मागे येते. रोहितांचा थवा चिखलात चोची घालून उभा आहे. लांब दोन पोरं जाळं ओढताहेत, आणि अधूनमधून थांबून, मान वळवून नदीकडे बघताहेत.

त्यांना काय दिसतंय ते आम्हाला आधी कळलं नाही. वाळूच्या बांधाआड, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, पाण्यातून दोन कान वर आले.

[निवेदन थांबतं. लाटेचा आवाज. त्याच्यावर पाणघोड्याची घुरघुर. पुन्हा लाट.]